तयार प्रशिक्षणावर माझे नाव

वाचकहो, आज मी तुमच्यापुढे एक कबुली मांडणार आहे. एरवी या पानांवर डॉक्टर सल्ला देतात आणि वाचक तो ऐकतात. या वेळी सल्ला शेवटी येईल; आधी माझी चूक सांगतो, कारण त्या चुकीतूनच तो सल्ला निघाला आहे. ज्या कुटुंबाची ही हकिकत आहे, त्यांची संमती मी घेतली आहे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

गेल्या हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली होती. त्या दिवसांत नरखेड तालुक्यातील एक सूनबाई आपल्या सासऱ्यांना घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. सासऱ्यांचे वय सत्तरीच्या पुढचे. रोज सकाळी बागेची फेरी स्वतः मारणारा हा माणूस त्या दिवशी दोघांच्या खांद्यांवर हात टाकून आला. "पायात जीवच नाही राह्यला, डॉक्टरसाहेब," एवढेच ते बोलले. नाडी पाहिली, तर मिनिटाला जेमतेम ४२. हृदयाचा आलेख काढला. त्यातील काही लाटा तंबूच्या टोकासारख्या उंच आणि अणकुचीदार झाल्या होत्या. रक्तातील पोटॅशियम धोकादायक वाढले, की आलेख असा दिसू लागतो. ही स्थिती हृदय थांबवू शकते.

या गृहस्थांच्या रक्तदाबाची औषधे मीच चालू केलेली. त्यांत टेल्मिसार्टनची गोळी होती. त्यांचे मूत्रपिंडही थोडे थकलेले आहे, हे मला ठाऊक होते आणि म्हणून दर काही महिन्यांनी मी त्यांची रक्ततपासणी करून घेत असे. मागची तपासणी समाधानकारक होती. मग आता असे काय झाले? मी सूनबाईंना विचारले, "ताई, कोणती गोळी बदलली का? कोणाचा काढा, चूर्ण?"

"नाही जी. गोळ्या तुमच्याच चालू हायेत. फक्त मीठ बदललं," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून मिठाचे एक पुडके काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले. कमी सोडियमचे मीठ. "तुमच्याच क्लासात त शिकलो आम्ही, मोबाईलले कसं विचाराचं ते."

त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. आपण डॉक्टरांचे ऐकले, याचा थोडा अभिमानच होता. शिरेतून कॅल्शियमचे इंजेक्शन हळूहळू देताना माझ्या कानात ते वाक्य घुमत राहिले. रुग्णवाहिका काटोलमार्गे नागपूरकडे निघाली, तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून होतो. तेथे पोहोचल्यावर त्यांचे पोटॅशियम ६.९ निघाले. हा आकडा साधारणपणे ३.५ ते ५ च्या आसपास असावा लागतो.

आता हा 'माझा वर्ग' काय होता, ते सांगतो.

मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी मी दवाखान्याच्या पडवीत महिन्यातून दोन रविवारी मार्गदर्शनाची बैठक घेतो. आहार कसा ठेवावा, पायांची काळजी कशी घ्यावी, इन्सुलिनची सुई कशी टोचावी, अशा गोष्टी तेथे शिकवतो. या बैठकीची माहिती काढून एका व्यावसायिक संस्थेचा प्रतिनिधी माझ्याकडे आला. त्याच्याजवळ 'कुटुंबाच्या आरोग्यासाठी एआय' असे तयार प्रशिक्षण होते. एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. मोबाईलवर मराठीत लिहून किंवा बोलून प्रश्न विचारला, की माणसासारखे सविस्तर उत्तर देणारी ही यंत्रणा आता तुमच्यापैकी अनेकांच्या घरी नातवंडांच्या हातात आहे. प्रतिनिधीच्या संचात पडद्यावर दाखवायचे धडे होते, घरी न्यायची पुस्तिका होती आणि शेवटी द्यायचे प्रमाणपत्रही होते. "साहेब, लोकांचा विश्वास तुमच्याकडे आहे, सामग्री आमच्याकडे. यावर फक्त तुमचं नाव आणि फोटो येईल," असे तो म्हणाला.

हा व्यवहार कसा चालतो, हे तुम्हीही समजून घ्यावे, कारण उद्या तो तुमच्या योगशिक्षकाच्या, आहारतज्ज्ञाच्या किंवा समुपदेशकाच्या नावानेही तुमच्या दारी येईल. कोणीतरी दूर बसून एक अभ्यासक्रम तयार करतो. तो अनेक मार्गदर्शकांना आणि सल्लागारांना विकला जातो. प्रत्येक जण त्यावर स्वतःचे नाव छापून आपल्या लोकांना देतो. शिकणाऱ्याला चेहरा दिसतो तो ओळखीच्या माणसाचा. अभ्यासक्रम कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, हे त्याला कधीच कळत नाही.

मी होकार का दिला? एक कारण प्रामाणिक होते. ग्रामीण भागात संगणक आणि मोबाईल शिकवण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू केले. सहा कोटी ग्रामीण घरांपर्यंत पोहोचण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. पण वयाची अट १४ ते ६० वर्षांची होती. साठी ओलांडलेल्यांना त्यात जागाच नव्हती. ज्यांच्या घरात सर्वाधिक औषधे आहेत, त्यांना कोणीच काही शिकवत नाही, ही गोष्ट मला बोचत असे. दुसरे कारण तितके उजळ नाही. प्रत्येक कुटुंबाकडून ठरावीक शुल्क घ्यायचे होते आणि त्यातला वाटा मला मिळणार होता. तिसरे कारण तर सांगायलाही लाज वाटते: प्रमाणपत्रावरचा माझा फोटो चांगला आला होता.

तो सगळा संच मी वाचला का? नाही. पहिला धडा नीट पाहिला, शेवटचा पाहिला, मधले चाळले. त्या मधल्या पानांवर सरावासाठी नमुन्याचे प्रश्न दिले होते. नागपूरहून परत आल्यावर रात्री मी ती पुस्तिका उघडली. त्यात एक प्रश्न होता: 'उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तीसाठी कोणते मीठ चांगले?' सूनबाईंनी अगदी तोच प्रश्न विचारला होता. तो माझ्या नावाखाली छापलेला होता.

आता या चुकीचा बारकावा पाहा, कारण तो महत्त्वाचा आहे. यंत्राने दिलेले उत्तर खोटे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये कमी सोडियमच्या मिठाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. घरी नेहमीचे मीठ वापरायचेच असेल, तर त्याऐवजी पोटॅशियमयुक्त, कमी सोडियमचे मीठ वापरावे, असे त्यांत सुचवले आहे. परंतु ही सूचना निरोगी मूत्रपिंड असलेल्या प्रौढांसाठी आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, गर्भवतींना आणि मुलांना ती लागू नाही. या मिठात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेले असते. जादा पोटॅशियम शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंड करते. ते थकलेले असेल, तर पोटॅशियम साचते. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या रक्तदाबासाठी उत्तम. पण त्याही पोटॅशियम बाहेर टाकण्याची गती कमी करतात. आणि आमचा तालुका संत्र्यांचा! तोडणीच्या दिवसांत बागायतदाराच्या घरी संत्री मोजून कोण खातो? संत्र्यातही पोटॅशियम असते. थकलेले मूत्रपिंड, ती गोळी, ते मीठ आणि रोजची पाच-सहा संत्री या चार गोष्टी एका माणसाच्या शरीरात एकत्र आल्या. यंत्राला त्यांपैकी एकही ठाऊक नव्हती, कारण ती कोणी सांगितलीच नव्हती. आणि सांगावी, असे माझ्या वर्गाने शिकवलेच नव्हते.

ही केवळ आपल्या खेड्यातली गोष्ट आहे, असे समजू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात ६० वर्षांच्या गृहस्थांची हकिकत प्रसिद्ध केली. आहारातून क्लोराईड काढून टाकावे, असे त्यांच्या मनाने घेतले. चॅटजीपीटीशी सल्लामसलत केल्यानंतर त्यांनी जेवणातील मिठाऐवजी तीन महिने सोडियम ब्रोमाईड वापरले. त्यांना ब्रोमाईडची विषबाधा झाली, भास होऊ लागले आणि सुमारे तीन आठवडे रुग्णालयात राहावे लागले. शिकलेला माणूसही येथे घसरतो. याचे कारण या यंत्रणेच्या घडणीत आहे. अफाट मजकुरावरून शिकून, एका शब्दानंतर दुसरा कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याच्या आधारे ती वाक्य रचते. म्हणून तिचे बोलणे नेहमी सफाईदार आणि ठाम असते. डॉक्टर अडखळतो, "थांबा, आधी तपासू" म्हणतो. त्या अडखळण्यातून तुम्हाला धोक्याची चाहूल लागते. यंत्राच्या उत्तरात ते अडखळणे सहसा आढळत नाही.

आपल्याकडचा नियम या बाबतीत स्पष्ट आहे. मार्च २०२० मध्ये भारत सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेने रुग्णाला स्वतः सल्ला देऊ नये, औषध लिहून देऊ नये. तो अधिकार नोंदणीकृत डॉक्टरचाच, असे त्यांत म्हटले आहे. यंत्र डॉक्टरच्या मदतीला येऊ शकते, त्याच्या जागी बसू शकत नाही. मी मात्र माझी जागा नकळत त्या पुस्तिकेला देऊन बसलो होतो.

मग तयार प्रशिक्षण वाईटच असते का? तसे मी म्हणणार नाही. तुमच्या घरातल्या मुलांनी एमएस-सीआयटी केले असेल. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा तो अभ्यासक्रम तयारच होता आणि त्याने गावोगावच्या लाखो मुलामुलींना संगणकापुढे बसवले. आरोग्याच्या क्षेत्रातले याहून मोठे उदाहरण तर आपल्या विदर्भातलेच आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. नवजात बाळाची घरीच काळजी कशी घ्यावी, हे त्या शिकल्या. ज्यांना अंक मोजणे कठीण जाई, त्यांच्यासाठी मणी सरकवून बाळाचे श्वास मोजण्याचे साधे उपकरण बंग यांनी आधीच तयार केले होते. या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शेजारच्या गावांशी तुलना करता नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०११ पासून हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली, म्हणजे एका अर्थाने तीही 'तयार' झाली. मात्र तयार होण्यापूर्वी ती गावात राबली होती. शिकणाऱ्या बाईला काय जमते, कोणता शब्द कळतो, कोठे चूक होते, हे पाहून घडली होती. आणि कोणत्या लक्षणांनंतर बाळाला दवाखान्यात न्यायचेच, हेही तिच्यात ठरलेले होते. माझ्या पडवीत आलेल्या संचाच्या मागे असे काहीच मला दिसले नव्हते. खरे तर मी पाहिलेच नव्हते.

सासरे सहा दिवसांनी घरी आले. डायलिसिसची वेळ आली नाही, हे आमचे नशीब. मी त्यांना भेटायला गेलो आणि घडले ते सगळे सांगितले; पुस्तिकेतला तो प्रश्नही दाखवला. ते खाटेवर बसून शांतपणे ऐकत होते. आपल्या भागात शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांतून संत्र्याची कलमे येतात, हे बागायतदारांना सांगायला नको. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कलम आणाचं त खुंट पाह्यतो ना आपण. चिबाड जमिनीत कोणतंही कलम चालत नाही, डिंक्या लागते. तुम्ही नुसती पानं पाह्यली."

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी वर्गाला आलेल्या सर्व कुटुंबांना बोलावले, त्यांचे शुल्क परत केले आणि प्रत्येकाने यंत्राला विचारून काय काय बदलले आहे, ते लिहून घेतले. एका घरी पायांवर सूज येते म्हणून रक्तदाबाची गोळी बंद झाली होती. एका घरी मधुमेहाच्या गोळीसोबत कारल्याचा रस सुरू होता आणि आजी दुपारी घामाघूम होत होत्या. हे वेळेवर कळले. संस्थेलाही मी पत्र लिहून माझे नाव काढून घेतले.

वर्ग मात्र बंद केला नाही. लोक यंत्राला विचारणारच. आपण शिकवले नाही, तर ते एकटेच विचारतील. आता आमचा पहिला धडा मोबाईल बाजूला ठेवून होतो. प्रत्येकाने घरातला औषधांचा डबा आणायचा आणि एका कागदावर पाच गोष्टी लिहायच्या: वय आणि वजन, सर्व आजार, चालू असलेली सर्व औषधे, काढे आणि चूर्णे, मूत्रपिंड, यकृत, साखर यांच्या शेवटच्या तपासणीचे आकडे, तारखेसह, आणि कशाची ॲलर्जी आहे ते. वाचकहो, तुम्हीही आज हा कागद करा आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवा. तो यंत्रापेक्षा मलाच, तुमच्या डॉक्टरलाच, अधिक उपयोगी पडतो.

दुसऱ्या धड्यात यंत्राला काय विचारावे, हे येते. तपासणीच्या अहवालातील अवघड शब्दाचा अर्थ विचारावा. इंग्रजीतल्या डिस्चार्ज कार्डाचे सोपे मराठी करून घ्यावे आणि ते डॉक्टरला दाखवून ताडून घ्यावे. 'डॉक्टरांना भेटल्यावर मी कोणते प्रश्न विचारू?' हा तर सर्वांत चांगला प्रश्न. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलावी, हे समजून घ्यावे. रात्री जागून थकलेल्या सुनेने किंवा मुलीने मन मोकळे करण्यासाठी दोन शब्द लिहिले, तरी हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी एखाद्या जिवंत माणसाशीही बोलावे.

तिसरा धडा काय विचारू नये याचा आहे आणि तो मी तीन वेळा म्हणवून घेतो. औषध सुरू करणे, बंद करणे आणि मात्रा बदलणे, या तिन्ही गोष्टी यंत्राच्या सांगण्यावरून कधीही करायच्या नाहीत. मीठ, काढा, रस, प्रोटीनची पावडर, गुडघ्यासाठीचे चूर्ण हेसुद्धा औषधच समजायचे. छातीत दुखणे, धाप, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, शुद्ध हरपणे, अशा वेळी मोबाईलवर एकच गोष्ट करायची: १०८ क्रमांक फिरवायचा. आणि आधार क्रमांक, बँकेचा तपशील, नावासह अहवालाचे छायाचित्र यंत्राला द्यायचे नाही.

असे एखादे तयार प्रशिक्षण कोणी तुम्हाला देऊ करील, तेव्हा देणारा कितीही ओळखीचा असो, त्याला संकोच न करता विचारा: हे मुळात कोणी तयार केले? आमच्या वयाच्या माणसांवर, आमच्या भाषेत ते वापरून पाहिले आहे का? तुम्ही स्वतः ते पूर्ण वाचले आहे का? यात काय करू नये, ते कोठे लिहिले आहे? आणि उद्या काही बिघडले, तर आम्ही कोणाचे दार ठोठवायचे? ज्याला या प्रश्नांचा राग येईल, त्याचे प्रमाणपत्र घरी आणू नका. मला हे प्रश्न त्या वेळी कोणी विचारले असते, तर तिसऱ्याच प्रश्नाला मी गप्प झालो असतो.

अलीकडच्या एका रविवारी त्या सूनबाई वर्गाला आल्या होत्या. मी विनंती केली, तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या आणि मिठाची गोष्ट त्यांनीच सगळ्यांना सांगितली. बोलताना त्यांनी स्वतःला दोष दिला, तेव्हा मी मध्येच थांबवून म्हणालो, "ताई, ती चूक माझी होती." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मामाजी म्हणतात का, आता डॉक्टरले विचारल्याबिगर घरात मीठही येत नाही." सगळे हसले. मग एक आजोबा आपला औषधांचा डबा घेऊन पुढे आले. त्यात रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांच्या पाकिटांत होती आणि ते दोन्ही रोज घेत होते. आम्ही मोबाईल बाजूला ठेवला आणि त्यांचा कागद लिहायला बसलो.